डोमाजी गार्डचं गरम पाणी

डोमाजी मेश्रामच्या मागून कोणी चाललंय, असं मी आयुष्यात पाहिलं नाही. लग्नाची वरात असो, मयत असो, नाही तर सिनेमा सुटल्यावरची गर्दी असो, हा गडी सगळ्यात शेवटी. बरं, पाय दुखतात म्हणून मागे पडला म्हणावं, तर तेही नाही. चांगला उंच, सडपातळ, लांब ढांगांचा माणूस. मनात आणलं असतं तर आम्हा सगळ्यांना मागे टाकून केव्हाच घरी पोचला असता. पण हात पाठीशी बांधून, मान जराशी वाकडी करून, तो आपला सावकाश मागून येत राहायचा. मला राग यायचा. मी मुळातच चिडका माणूस, त्यात पार्सल ऑफिसात लोकांच्या शिव्या खाऊन आणखी चिडका झालेला.

"अरे चाल ना बापा डोमाजी लवकर! दिवसभर संत्र्याच्या पेट्यांमागे उभा आहे मी. घरी जाऊ दे की नाही?"

"तुमी चला ना पार्सलबाबू," तो म्हणायचा. "मी आहो मागं."

'मी आहो मागं' हे त्याचं पालुपद होतं. दिवसातून दहादा तरी ऐकायला यायचं.

डोमाजी मालगाडीचा गार्ड. अजनीच्या रेल्वे क्वार्टरांत माझा शेजारी. मालगाडीच्या गार्डाचं आयुष्य शेवटच्या डब्यात जातं. पुढे डब्यांची ही लांबलचक रांग, तिच्याही पुढे इंजिन. ड्रायव्हरनं पुढचं पाहायचं आणि गार्डानं मागचं. वळण आलं की ड्रायव्हर मागे वळून बघतो, गार्ड हिरवं निशाण दाखवतो, म्हणजे गाडी अखंड आहे, चला. गाडी मधेच कुठे अडकून पडली तर गार्डानं डब्यातून उतरून उलट्या दिशेनं चालत जायचं, रुळावर चाकाखाली फुटून ड्रायव्हरला सावध करणारे पटाखे लावायचे आणि लाल निशाण घेऊन उभं राहायचं. मागून येणारी गाडी येऊन धडकू नये म्हणून. आपल्या गाडीचं पुढे काय झालं ते नंतर. आधी मागून येणाऱ्याला थांबवायचं. हे सगळं मला डोमाजीनंच सांगितलं होतं, आणि एकदा नाही, इतक्यांदा सांगितलं होतं की मी पार्सलबाबू असूनही गार्डाची परीक्षा पास झालो असतो.

एकदा श्रावण लांजेवारच्या पुतणीचं लग्न खाप्याला होतं. श्रावण म्हणजे आमचा तिसरा भिडू, इंजिन ड्रायव्हर. जाडजूड, गोरा, मोठ्या आवाजाचा, आणि डोमाजीचा जिवलग. लग्न लागलं, पंगती उठल्या, नागपूरला परत न्यायला ट्रक उभा. सगळे चढले. डोमाजी खालीच.

"एक माणूस कमी आहे," तो म्हणाला.

झालं! बायका कावल्या, पोरं रडायला लागली, ड्रायव्हर भोंगा वाजवतोय. मी तर त्याला भैताडापासून सुरुवात करून जे काय येत होतं ते सगळं बोललो. हा ढिम्म. मांडवात परत गेला आणि चादरी-गाद्यांच्या ढिगाआड झोपलेली श्रावणची म्हातारी आत्या हाताला धरून घेऊन आला. ती बिचारी खीर जास्त झाल्यामुळे आडवी झाली होती. तिचा सख्खा मुलगा ट्रकमध्ये बसलेला होता, त्याला पत्ता नव्हता. डोमाजीनं तिला वर चढवलं, स्वतः मागच्या फळकुटाला टेकून बसला आणि तोंडानंच शिट्टी वाजवली. ट्रक निघाला.

मला वाटायचं, ही खोड रेल्वेनं लावली. तसं नव्हतं. छप्पन साली दीक्षा घ्यायला त्याच्या गावचे लोक सावनेरच्या अलीकडून चालत नागपूरला आले होते. डोमाजी तेव्हा तिशी ओलांडलेला, धडधाकट. जत्थ्यात म्हातारीकोतारी होती, त्याची आईही होती. थकेल त्याला उठवून सोबत आणायला कोणीतरी मागे पाहिजे म्हणून गावानं याला सांगितलं, "डोमा, तू मागं राह्य." तेव्हापासून तो मागेच राहिला.

एकदा आमच्यातलाच एक तिकीट तपासनीस, जिभेला हाड नसलेला, चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर त्याला म्हणाला, "काय मेश्राम, बौद्ध झाले, सरकारी नोकरी लागली, तरी मागचीच जागा का?" मला वाटलं आता मारामारी होते. श्रावण तर बाह्या सरसावून उठलाच होता. डोमाजीनं त्याला हातानं बसवलं. कपातला चहा संपवला आणि म्हणाला, "मागं ठेवलं होतं ते वेगळं गा. मागं राह्यतो ते वेगळं." आणि आणखी एक कप मागवला, त्या तपासनिसासाठी. तो कप त्या माणसाला धड पिताही आला नाही.

आता मफलरबद्दल सांगायला हवं. डोमाजीच्या बायकोनं सीताबर्डीहून लोकर आणून एका हिवाळ्यात त्याच्यासाठी मफलर विणला. चांगला लांबरुंद, ऊबदार, आणि लालभडक. आता गार्डाच्या गळ्यात लाल मफलर! आमची हसून हसून पुरेवाट झाली. "वयनी, तुमी तर याच्या नोकरीवर उठल्या," श्रावण तिला म्हणाला. "हा डब्याबाहेर वाकला की सारी लाइन बंद!" डोमाजीनं तो मफलर ड्यूटीवर कधीही घातला नाही. थंडीनं कुडकुडायचा, पण नाही. रजेवर असला की मात्र भर उन्हातही गळ्यात. बायकोचं मन राखायचं आणि रेल्वेचंही, असा त्याचा हिशेब.

श्रावणचे गुडघे धरले ते पंचाहत्तर-शहात्तरच्या सुमाराला. वाफेच्या इंजिनावर चढायचं म्हणजे उभी शिडी, आणि वर आठ-आठ तास उभं राहायचं. आधी तो लपवत होता. मग एक दिवस इंजिनावरून उतरताना त्याचा पाय लटपटला आणि तो खडीत बसला, तो अर्धा तास उठलाच नाही. दिवाळीनंतर त्याची मेडिकल होती. नापास झाला तर इंजिन जाणार, शेडमध्ये कुठेतरी स्टुलावर बसवणार. श्रावणला हे मरणाहून वाईट वाटत होतं. दारात बसून गुडघ्यांना मोहाचं तेल चोळायचा आणि कोणाशी बोलायचा नाही. एवढा आवाजाचा माणूस गप्प झाला की अख्खी चाळ उदास वाटते.

ड्रायव्हर-गार्डांच्या मुक्कामाच्या रनिंग रूमला एक नेपाळी चौकीदार होता. तो म्हणाला, "हमारे गाँव के पास नदी किनारे गरम पानी है. लँगडे लोग जाते हैं, चलके वापस आते हैं." पोखऱ्यापासून काही दिवसांची पायी वाट. मी ते हसण्यावारी नेलं. डोमाजीनं नाही. त्यानं रजा टाकली, श्रावणला टाकायला लावली, आणि माझ्या दाराशी येऊन म्हणाला, "पार्सलबाबू, तुमाले हिंदी चांगली येते. तुमी चला." मीही रजा टाकली. रेल्वेचा पास सरहद्दीजवळच्या नौतनव्यापर्यंत फुकट होता, तेवढाच आनंद.

निघायच्या दिवशी श्रावणच्या बायकोनं, काशीबाईनं, डबा बांधून दिला. जवसाची चटणी, भाकरी, तिळाचे लाडू. तिचा या सगळ्यावर विश्वास नव्हता. परमुलूख, पावसाचे शेवटचे दिवस, आणि नवऱ्याला धड जिना चढता येत नाही. दाराची चौकट धरून ती डोमाजीला म्हणाली, "भाऊजी, लंगडा राह्यला तरी चालते मले. पण यायले घेऊन या."

"वयनी," डोमाजी म्हणाला, "जसा नेला तसा आणून देतो. मी आहो मागं."

पोळ्यानंतरची मारबतीची मिरवणूक निघाली त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही गाडीत बसलो.

सरहद्द पाहून श्रावणची निराशा झाली. एक बांबू आडवा टाकलेला, बाजूला दोन शिपाई. "हाच का परदेस?" तो म्हणाला. "याच्याहून आपल्या अजनीचं फाटक मोठं आहे." तेवढीच त्याची गंमत. पोखऱ्याला चौकीदाराचा पुतण्या भेटला, चाळिशीचा, काटक माणूस. तिकडे थोरल्या भावाला दाइ म्हणतात म्हणून आम्हीही त्याला दाइ म्हणायचो. आणि मग सुरू झाला तो चिखल.

चिखल मी नागपूरलाही पाहिलेला आहे. पण तो सपाट चिखल. हा उभा! डोंगराच्या कडेनं हातभर रुंदीची वाट, खेचरांच्या खुरांनी घोटून घोटून तिची पार खीर झालेली, एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला खाली कुठेतरी खवळलेली नदी. पाय टाकला की पोटरीपर्यंत आत, काढला की बूट आतच. आम्हाला डोंगर म्हणजे रामटेक माहीत. त्यात जळवा. गवताच्या पात्यावरून कधी पायावर यायच्या कळायचं नाही. संध्याकाळी मोजे काढले की रक्ताचे ओघळ. मी पहिल्याच दिवशी जाहीर केलं, की लंगड्याचा पांगळा होऊन परत जाणार आपण, आणि मी तर जाणारच नाही, इथेच मरणार. कोणी लक्ष दिलं नाही.

चालण्याचा क्रम ठरलेला. पुढे दाइ, मग मी, मग काठी टेकत श्रावण, आणि शेवटी लाल मफलर आणि काळी छत्री घेतलेला डोमाजी. खिशात ड्यूटीची शिट्टी. प्रत्येक वळणावर मागून एक शिट्टी यायची, श्रावण थांबून मागे बघायचा, हात वर करायचा, डोमाजी हात वर करायचा. मग पुढे. मला वैताग यायचा. "अरे इथं कोणती मेल येऊन राहिली आहे मागून? चला!" पण दोघांची आयुष्यभराची सवय. त्यांना त्यात एक धीरही वाटत असावा. श्रावण रोज जास्त वाकत होता. चढ कसाबसा चढायचा, पण उतारावर त्याच्या तोंडून आवाज निघायचा, दात दाबून धरलेला. रात्री मुक्कामाला डोमाजी त्याचे गुडघे चोळून द्यायचा आणि म्हणायचा, "झालं गा. आता आलंच."

झरे जवळ आले त्या दुपारी पाऊस पुन्हा लागला. वाट एका मोठ्या ओघळीपाशी आली होती. म्हणजे असं, की डोंगर तिथे आत वळलेला, वाट एका बाजूनं आत जायची, ओघळ ओलांडायची आणि समोरच्या बाजूनं बाहेर यायची. वरून बारीक दगड येत होते. दाइनं वर पाहिलं आणि त्याचा चेहरा बदलला. "छिटो, छिटो," म्हणाला, म्हणजे लवकर, लवकर. श्रावणच्या काखेत हात घालून त्यानं त्याला जवळजवळ ओढत नेलं. मी जीव मुठीत धरून पळालो. पायाखालची वाट हलल्यासारखी वाटली, पण थांबून बघायची कोणाची छाती होती? नदीचा आवाज एवढा, की स्वतःचं ओरडणं ऐकू येईना. ओघळ पार झाली, पुढचा उतारही पार झाला, आणि खाली नदीकाठी दगडांच्या कुंडातून वाफा दिसल्या.

श्रावण तर कपड्यांसकट आत बसला. गळ्यापर्यंत. डोळे मिटले. मी पाय सोडून बसलो. काय सांगू ते सुख! चार दिवसांचा चिखल पाण्यात विरघळत होता. श्रावणनं पाण्यातच एक गुडघा वाकवला, मग दुसरा. पुन्हा वाकवला. माझ्याकडे बघून हसला, कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा. "पार्सलबाबू, मोकळा झाला गा," तो म्हणाला. "पहा, पहा."

आणि मग सवयीनं त्यानं मागे वळून बघितलं.

उतारावर कोणी नव्हतं.

"डोमाजी येईलच," मी म्हणालो. "तो काय, मागंच असते."

आता विचार करतो तर वाटतं, आमच्याशिवाय ही चूक दुसऱ्या कोणी केली नसती. डोमाजी मागे आहे म्हणजे मागचं सगळं ठीक आहे, हे आमच्या हाडात भिनलेलं. मागच्याची काळजी करायला तो होता. त्याची काळजी करायला कोणी ठेवलंच नव्हतं.

श्रावण पाण्यातून उठला. "शेवटची शिट्टी कधी ऐकली?" त्यानं विचारलं. मला आठवेना. ओघळीला पोचायच्या कितीतरी आधी. तेवढ्यात वरच्या अंगाला गडगडाट झाला, खूप मोठा नाही, आणि दाइ उभा राहिला. त्यानं वर ओघळीच्या दिशेनं पाहिलं.

श्रावण निघाला. काठी कुंडापाशीच राहिली. ओले कपडे, अनवाणी पाय, आणि जो उतार त्यानं कण्हत कण्हत उतरला होता तोच तो झपाझप चढत होता. मी मागून ओरडतोय, "अरे थांब, दाइला पुढं जाऊ दे," पण ऐकतो कोण? ओघळीच्या तोंडाशी पोचलो तर धुकं उतरलेलं. आमच्या बाजूची वाट तेवढी दिसत होती, आत कुठे गेली ते कळत नव्हतं. दाइनं खाली बोट दाखवलं. बऱ्याच खाली, ताज्या पडलेल्या चिखलात, एक काळी छत्री उलटी रुतली होती.

मी खालीच बसलो. श्रावण छत्रीकडे बघत राहिला आणि मग ओरडला, "डोमाऽऽ!" नदीनं तो आवाज गिळून टाकला. काशीबाई चौकट धरून उभी असलेली मला दिसली. आणि डोमाजीची बायको, जिला कोणी काही वचन दिलेलं नव्हतं. तिला आम्ही काय सांगणार होतो?

"वाट तर आहे समोर," श्रावण म्हणाला. "पलीकडे कुठं अडकला असन तो. मी जातो."

दाइनं त्याचा हात धरला. त्यानं झटकला आणि वाटेवर पाय टाकला. दोन पावलं, तीन पावलं. आणि तेवढ्यात समोरचं धुकं थोडं फाटलं. ओघळीच्या पलीकडच्या बाजूला, आमच्याच उंचीवर, काहीतरी लाल हललं.

"तो पहा!" मी ओरडलो. "जिता आहे! बोलावून राहिला, श्रावण, बोलावून राहिला! जा!"

आणि श्रावण जागच्या जागी थिजला. उचललेला पाय त्यानं पुढे टाकलाच नाही. मागे घेतला.

"बोलावत नाही," तो म्हणाला. "लाल दाखवून राहिला."

डोमाजीनं मफलर दोन्ही हातांत ताणून धरला होता आणि जोरजोरानं आडवा हलवत होता. तीस वर्षं ज्या माणसाचा हात लाल दिसताच ब्रेकवर गेला, तो माणूस लाल पाहून पुढे कसा जाईल? पायाखाली वाट होती, मित्र समोर होता, मी गाढव मागून 'जा जा' करत होतो. श्रावण एकेक पाऊल मागे सरकत आला. तो माझ्यापाशी पोचला आणि ज्या जागी तो उभा होता ती वाट डोळ्यांदेखत गेली. आवाजसुद्धा फारसा झाला नाही. भाकरीचा तुकडा मोडावा तशी मोडली आणि खाली गेली. खालून ती केव्हाच पोखरलेली होती. आमच्या बाजूनं ते दिसत नव्हतं. समोरून, डोमाजीला, सगळं दिसत होतं.

श्रावण माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. मीही रडलो, लपवायचं काय त्यात? पलीकडे डोमाजीनं मफलर खाली घेतला, हात वर केला. श्रावणनंही हात वर केला. आणि डोमाजीनं आम्हाला हातानंच हुसकलं, जा, परत जा म्हणून. मग धुकं पुन्हा मिटलं.

त्या रात्री श्रावण पुन्हा पाण्यात उतरला नाही. मी म्हटलं, अरे ज्यासाठी आलो ते तर कर. "तो तिकडे थंडीत बसला आहे," म्हणाला, "मी इथं शेकत बसू?" सकाळी मात्र निघताना त्यानं आपली ड्यूटीवरची पाण्याची बाटली कुंडात बुडवून काठोकाठ भरली आणि गरम राहावी म्हणून टॉवेलात गुंडाळली.

दाइनं आम्हाला वरच्या अंगानं, शेळ्यांच्या वाटेनं, डोंगर चढवून पलीकडे उतरवलं. तो चढ आठवला तरी अजून छाती भरून येते. श्रावण एकदाही कण्हला नाही. पलीकडे एका चहाच्या झोपडीबाहेर डोमाजी बसलेला. दोन्ही पायांना जळवांचे डाग, अंगावर कोणा नेपाळ्याची घोंगडी, आजूबाजूला दहा-बारा खेचरं आणि भारेवाल्या बायका अडकून पडलेल्या. बायका त्याच्याकडे बघून हसत होत्या, काहीतरी देत होत्या, खा म्हणत होत्या.

"अरे तू आला काहून नाही पुढं?" मी त्याच्यावर तुटूनच पडलो. "आमचा जीव चालला होता तिकडे!"

"कसा येऊ?" तो म्हणाला. "तुमी पार झाले अन् मधली वाट गेली. शिट्टी वाजवली, कोणी पाह्यना. मागं वळलो तर ह्या बाया खेचरं घेऊन येऊन राह्यल्या. त्याईले कोण सांगन? छत्री टाकून पळालो उलटा. वळणावर उभा राह्यलो लाल घेऊन. आधी मागचं, मंग पुढचं." मग तो श्रावणकडे वळला आणि त्याचा आवाज बदलला. "तू तीन पावलं आला होता रे. आणखी एक टाकलं असतं तर वयनीले काय सांगतलं असतं म्या?"

टॉवेल सोडून श्रावणनं बाटली काढली आणि झाकण उघडून डोमाजीच्या पायांशी बसला. डोमाजीनं पाय मागे घेतले. "पाय नाही. हातावर दे." ओंजळीत पाणी घेतलं, तोंडावर मारलं आणि आमच्याकडे पाहिलं.

"थंडच आहे गा हे," तो म्हणाला. हसता हसता आमच्या डोळ्यांत पुन्हा पाणी आलं.

परत त्या वाटेनं झऱ्यावर जायला ना वेळ होता ना हिंमत. ज्यानं हे सगळं जमवून आणलं त्याच्या पायाला गरम पाणी लागलंच नाही. अजनीला पोचल्यावर डोमाजीनं श्रावणला पुढे केलं, आपण फाटकाशी थांबला, आणि म्हणाला, "वयनी, पाहून घ्या. तसाच आहे का?" काशीबाईनं नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती डोमाजीच्या पायांवरचे डाग बघत होती.

श्रावण मेडिकल पास झाला. झऱ्यानं, चालण्यानं, की त्या तीन पावलांच्या भीतीनं, देव जाणे. पण पुढे कित्येक वर्षं टपरीवर डोमाजी त्याला डिवचायचा, "तू आंघोळ केली, मले काय भेटलं? जळवा!" आणि श्रावण म्हणायचा, "देईन गा. बाकी आहे, देईन."

डोमाजीच्या नोकरीचा शेवटचा दिवस डिसेंबरात आला. कोळशाची गाडी घेऊन जायची होती, सकाळची. इंजिनावर श्रावण. त्यानं साहेबाच्या हातापाया पडून तो फेरा मागून घेतला होता. हार-तुरे घेऊन जमलेले सगळे लोक इंजिनापाशी गेले, कारण गाडी म्हटलं की लोकांना इंजिनच दिसतं. मी मात्र शेवटच्या डब्याकडे गेलो. डोमाजी काळा कोट घालून, निशाणं काखेत धरून उभा होता. गळा उघडा. मफलर खुंटीला.

"थंडी गंज आहे," मी म्हटलं. "आज तरी घाल."

"ड्यूटी आहे ना."

सिग्नल पडायला अवकाश होता. तेवढ्यात डोमाजी पुढे बघून ओरडला, "इंजिन सोडून कुठं येऊन राह्यला हा?"

गाडीच्या कडेनं, खडीतून, श्रावण येत होता. पार इंजिनापासून, अख्खी गाडी ओलांडून. गुडघे पुन्हा धरले होते त्याचे तोवर, दोन्ही बाजूंनी झुलत होता. हातात इंजिनावरची लोखंडी बालदी, वर पोत्याचा तुकडा झाकलेला, आणि पोत्यातून वाफ निघत होती. आमच्यापाशी येऊन त्यानं बालदी गार्डाच्या डब्यात ठेवली.

"बॉयलरचं आहे," तो धापा टाकत म्हणाला. "यावेळी थंड नाही."

डोमाजी त्याच्यावर डाफरला. ड्यूटी, टाइम, इंजिनावर कोण आहे, या वयात अक्कल नाही. बोलता बोलता मधेच थांबला. तोंड फिरवून निशाणाची काठी उगाच पुसत राहिला. श्रावणनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि आल्या वाटेनं झुलत परत निघाला. तो इंजिनाशी पोचेपर्यंत डोमाजी वाकून त्याच्याकडेच बघत होता. मग सिग्नल पडला. शिट्टी झाली. हिरवं निशाण हललं, आणि पुढून लांबून इंजिनानं उत्तर दिलं.

मी तोवर गाडीच्या कडेनं थोडा पुढे येऊन उभा राहिलो होतो. डबे एकामागून एक खडखडत हलले. शेवटचा डबा माझ्यासमोरून हळूहळू गेला. डोमाजी दाराशी स्टुलावर बसला होता. बूट बाजूला काढून ठेवलेले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, दोन्ही पाय बालदीत. वाफ त्याच्या कोटावरून वर जात होती. हातात हिरवं निशाण. मी हात केला, "डोमाजी!" म्हणून हाक मारली. त्याला ती ऐकू गेली नाही. तो मान वाकडी करून मागे, मोकळ्या रुळांकडे पाहत होता. कोणी राहिलं तर नाही ना, म्हणून.